गिरणीत स्टुडिओ थाटायचे तर

चित्र काढायला घरातली एक खोली पुरत नाही का? त्यासाठी कारखान्याची इमारत कशाला हवी? हा प्रश्न चित्रकारांच्या घरच्यांना पडतो आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. बंद पडलेल्या गिरण्यांत आणि गोदामांत आधी कलावंत शिरतात. मग दहा-वीस वर्षांत तिथे महागडी हॉटेलं आणि फ्लॅट येतात, आणि तेच कलावंत बाहेर पडतात. असं का होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर इमारतीच्या बांधणीत सापडतं आणि दुसऱ्याचं भाड्याच्या करारात, म्हणून आपण त्याच क्रमाने जाऊ.

१. कारखानाच का?

सर्वांत आधी उजेड. विणकामाच्या खात्यात तुटलेला धागा डोळ्यांना दिसलाच पाहिजे, आणि वीज येण्याआधीच्या काळात तो दिसायचा तो सूर्याच्या भरवशावर. म्हणून गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं बांधत. प्रत्येक दात्याची उतरती बाजू पत्र्याची किंवा कौलांची, आणि उभी बाजू काचेची. आपल्या उत्तर गोलार्धात सूर्य बहुतेक काळ दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून काच उत्तरेला ठेवायची. मग ऊन थेट आत येत नाही. सावली न पाडणारा, दिवसभर फारसा न बदलणारा उजेड मिळतो. चित्रकाराला हवा तो हाच उजेड, कारण सकाळी कालवलेला हिरवा दुपारी पिवळट दिसू लागला तर काम पुढे सरकत नाही. मुंबईत मात्र एक ध्यानात ठेवायला हवं. साधारण मध्य मेपासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे त्या दिवसांत उत्तरेच्या काचेतूनही ऊन उतरतं. तिथे पडद्याची सोय करावीच लागते.

त्यानंतर जमीन आणि उंची. कताईच्या यंत्रांचं वजन आणि थरथर सोसायला बांधलेला मजला दगडाच्या मूर्तीचं किंवा छपाईच्या यंत्राचं ओझं सहज पेलतो. राहत्या घराचा स्लॅब पेलेलच असं सांगता येत नाही. छत उंच असल्याने बारा फुटांचा कॅनव्हास उभा करून पंधरा पावलं मागे जाऊन पाहता येतो. मालाची लिफ्ट असते, ट्रक दाराशी येतो, तीन फेजची वीज आधीच आलेली असते. मातीची भांडी भाजायची मोठी विजेची भट्टी चालवायची तर ती लागतेच.

आणि आवाज. छिन्नी, ग्राइंडर, वेल्डिंग, टर्पेंटाइनचा वास, प्लास्टरची धूळ हे सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावर आठवडाभरही चालू देणार नाहीत, आणि शेजाऱ्यांचं त्यात काही चुकत नाही.

एवढी मोठी जागा एकट्याला परवडत नाही. म्हणून वाटून घ्यायची.

२. लाइपझिगची कापूस गिरणी

जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या पश्चिम भागात 1884 साली एक सूतगिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती युरोप खंडातली सर्वांत मोठी सूतगिरणी झाली; तिथे सुमारे 2,40,000 चात्या फिरत होत्या. गिरणीभोवती कामगारांची घरं होती, मुलांसाठी बालवाडी होती. गिरणगाव ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चित्र नवं नाही. पूर्व जर्मनीच्या काळात ती सरकारी मालकीची होती. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर बाजारपेठ गेली आणि 1993च्या सुमारास कताई थांबली.

त्याच सुमारास चित्रकार आत आले. नेओ राउख या आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराचा स्टुडिओ 1993पासून तिथेच आहे. तेव्हा जागा प्रचंड होती आणि मागणी जवळजवळ नव्हती, म्हणून भाडं किरकोळ होतं. 2001मध्ये एका लहान गटाने सगळं आवार विकत घेतलं. त्यांनी सगळ्या इमारती एकदम चकाचक करण्याचा घाट घातला नाही. एकेक इमारत, एकेक मजला, भाडेकरू मिळेल तसा दुरुस्त केला. 2005मध्ये गॅलऱ्या आल्या, रंग-कॅनव्हासचं मोठं दुकान आलं. आज तिथे शंभराच्या आसपास कलावंत काम करतात, आणि वर्षातून ठरावीक दिवशी सगळे स्टुडिओ लोकांसाठी उघडे असतात.

या उदाहरणातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे सावकाशी. मालकावर कर्जाचा मोठा डोंगर नसला की त्याला भाडं एकदम चढवावं लागत नाही. गॅलरी, दुकान आणि छपाईवाला असे थोडं जास्त भाडं देऊ शकणारे शेजारी असले की चित्रकाराचं भाडं कमी ठेवता येतं. मुंबईत आणि लाइपझिगमध्ये फरक आहे तो जमिनीच्या किमतीचा. नव्वदच्या दशकात लाइपझिगमधून लोक नोकऱ्यांसाठी पश्चिमेकडे निघून जात होते, घरं रिकामी पडत होती. परळमध्ये जमिनीचा भाव त्याच काळात आभाळाला भिडत होता.

३. मजला कसा वाटायचा?

इमारत मिळाली, आता आत काय करायचं? सामाईक स्टुडिओची मांडणी आपल्याला ओळखीची आहे, कारण ती चाळीची मांडणी आहे. प्रत्येकाची खोली स्वतःची आणि लहान. पाण्याचा नळ, शौचालयं, जिना, गॅलरी सगळ्यांची. चाळीत जशी सामाईक गोष्टींवरून भांडणं होतात तशी इथेही होतात, म्हणून त्यांचाच विचार आधी करायचा.

कोण कुठे बसणार हे कामाच्या वजनावरून आणि धुळीवरून ठरतं. दगड, लाकूड आणि धातूचं काम तळमजल्यावर, मालाच्या दाराजवळ. चित्रकार वरच्या मजल्यावर, उजेडाखाली. फोटो आणि संगणकावर काम करणाऱ्यांना उजेड नको असतो, ते मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात खुशीने बसतात. भिंती छतापर्यंत न्यायच्या की आठ फुटांवर थांबवायच्या, हा वाद प्रत्येक ठिकाणी होतो. अर्ध्या भिंतींनी हवा आणि उजेड सगळ्यांना पोचतो, खर्चही वाचतो. पण शेजाऱ्याचा रेडिओ, वास आणि धूळ हेही पोचतं. माझं मत पूर्ण भिंतींच्या बाजूने आहे, वरच्या दोन फुटांत काच घालून. खर्च वाढतो, पण भिंत आग काही काळ अडवते आणि भांडणं कमी करते.

आता एक साधी वाटणारी गोष्ट जवळून पाहू: हात धुण्याचं बेसिन. शिल्पकार प्लास्टर ऑफ पॅरिस कालवतो आणि बादली बेसिनमध्ये रिकामी करतो. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होतं. काही महिन्यांत नळीचं भोक पेन्सिलीएवढं उरतं आणि एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या चित्रांवर पाणी गळतं. उपाय सोपा आहे. बेसिनच्या खाली अशी टाकी बसवायची की पाणी आधी तिच्यात थांबेल, गाळ तळाशी बसेल आणि वरचं निवळलेलं पाणीच पुढे जाईल. ती टाकी दर महिन्याला कोण उपसणार, त्याची पाळी भिंतीवर लिहून लावायची. बेसिन मोठं आणि खोल घ्यायचं, नळ कोपराने उघडेल असा. सुरुवातीच्या अंदाजपत्रकात लोक भिंतींच्या रंगासाठी पैसे धरतात आणि ही टाकी विसरतात.

जुन्या इमारतीचे जुने रोगही असतात. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडलं किंवा कापलं की निघणारे तंतू फुप्फुसात रुततात, म्हणून त्याला स्वतः हात लावायचा नाही. जुन्या तैलरंगांत शिसं असतं, तो घासून काढताना उडणारी धूळ विषारी. लाकडी जमिनीत वर्षानुवर्षांचं यंत्राचं तेल मुरलेलं असतं. आणि पाया, खांब, तुळया यांची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करार करण्याआधी करून घ्यायची. करार झाल्यावर नव्हे.

४. आग

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचकाने तो टाळू नये, अशी माझी विनंती आहे.

चित्रकाराच्या खोलीत आग लागायला काडीही लागत नाही. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. कॅनव्हासवर तेलाचा पातळ थर असतो, तिथली उष्णता हवेत निघून जाते. पण तेच तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर आतली उष्णता आतच कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी, बहुधा रात्री, बोळा आपोआप पेट घेतो. म्हणून अशा चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाणी घालून ठेवायच्या, किंवा एकेक पसरून मोकळ्यावर वाळवायच्या. हा नियम प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेला असावा.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात 1960च्या दशकात चित्रकार बंद पडलेल्या कारखान्यांच्या मजल्यांवर काम करत आणि गुपचूप राहतही. त्या भागात इतक्या आगी लागत की तो त्यासाठी कुप्रसिद्ध होता. अग्निशमन दलाची खरी अडचण अशी, की रात्री रिकाम्या समजल्या जाणाऱ्या इमारतीत माणसं आहेत की नाहीत हे कळायचं नाही. मग कलावंतांना काही अटींवर मुभा मिळाली आणि इमारतीच्या बाहेर एक पाटी लावणं आलं: ए.आय.आर., म्हणजे इथे कलावंत राहतो, आणि सोबत मजल्याचा आकडा. अग्निशमन दलाच्या जवानाला शिडी कुठे लावायची ते त्या पाटीवरून कळे.

जिथे असं काही झालं नाही तिथे काय होतं? 2 डिसेंबर 2016च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ‘घोस्ट शिप’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोदामात आग लागली. तिथे कलावंत परवानगीशिवाय राहत होते, त्या रात्री वरच्या मजल्यावर संगीताचा कार्यक्रम होता. पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते, लाकडी सामानाची दाटी होती, वर जाणारा जिना जुजबी होता. 36 माणसं गेली. त्यानंतर वर्षभराने, 29 डिसेंबर 2017च्या मध्यरात्रीनंतर, मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 माणसं गेली. तिथे स्टुडिओ नव्हते, पण जुन्या गिरणीचा वापर बदलला आणि सुटकेची वाट मोकळी राहिली नाही, हे दोन्हीकडे सारखं आहे.

महाराष्ट्रात 2006चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. तो लागू असलेल्या इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. जागा पाहायला जाल तेव्हा मालकाकडे मागचं प्रमाणपत्र मागा. दोन स्वतंत्र जिने आहेत का ते स्वतः चढून-उतरून पाहा. दुसऱ्या जिन्यात भंगार भरलेलं असेल तर तो जिना नाही असंच धरा.

५. भाडं कसं ठरतं?

एक काल्पनिक हिशेब मांडू. दहा हजार चौरस फुटांचा एक मजला आहे. जिने, वाटा, शौचालयं, लिफ्ट यांत 30 टक्के जागा जाते. उरतात 7,000 चौरस फूट, म्हणजे 250 फुटांच्या 28 खोल्या.

महिन्याचा खर्च असा धरू: मालकाचं भाडं 1,50,000, सामाईक वीज, पाणी, सफाई 25,000, विमा आणि कर 15,000, एका व्यवस्थापकाचा पगार 20,000, दुरुस्ती निधी 20,000. एकूण 2,30,000 रुपये. याला 7,000ने भागलं की फुटाला सुमारे 33 रुपये, म्हणजे एका खोलीला 8,214 रुपये.

हा आकडा फसवा आहे. सगळ्या खोल्या बाराही महिने भरलेल्या नसतात. दहावा भाग रिकामा राहील असं धरून 6,300ने भागलं, तर खोली 9,127 रुपयांना पडते. बहुतेक नवे गट पहिला आकडा जाहीर करतात आणि वर्षभरात तोट्यात जातात.

पण खरा चमत्कार पुढे आहे. वायरिंग, भिंती, शौचालयं, छपराची दुरुस्ती यांवर सुरुवातीला 30 लाख रुपये लागले असं समजा. करार पाच वर्षांचा असेल तर हे पैसे 60 महिन्यांत वसूल व्हायला हवेत, म्हणजे महिन्याला 50,000. प्रत्येक खोलीवर त्याचा बोजा 1,984 रुपये येतो. करार पंधरा वर्षांचा असेल तर तोच खर्च 180 महिन्यांत पसरतो आणि खोलीवर फक्त 661 रुपये येतात. (व्याज सोडून दिलं आहे, ते धरलं तर दोन्ही आकडे वाढतील.) भिंत तीच, वायर तीच, तरीही कराराची मुदत बदलल्याने एका चित्रकाराला महिन्याला तेराशेहून जास्त रुपये कमी-जास्त द्यावे लागतात. अनुदान मागण्याआधी मुदत मागावी, असं मी म्हणतो ते यासाठी.

६. किल्ली कोणाकडे?

1968 साली ब्रिजेट राइली आणि पीटर सेजली या चित्रकारांनी लंडनमध्ये ‘स्पेस’ ही संस्था उभी केली. थेम्सकाठची सेंट कॅथरिन डॉक्स त्याच वर्षी बंद झाली होती. तिथल्या एका जुन्या गोदामात त्यांनी स्टुडिओ केले. जागा थोड्याच काळासाठी मिळाली होती. लवकरच त्या गोद्यांचा पुनर्विकास झाला, हॉटेल आलं, नौकांचा धक्का आला. मात्र संस्था बुडाली नाही. हातातली एक जागा जाणार हे धरूनच ती पुढची शोधत राहिली, आणि आजही लंडनमध्ये अनेक इमारतींत तिचे स्टुडिओ आहेत. अल्प मुदतीच्या जागांवरही टिकता येतं, पण त्यासाठी दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवण्याची तयारी आणि पगारी माणसं लागतात.

अमेरिकेतल्या अलेक्झांड्रिया शहराने वेगळी वाट धरली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिथे नदीकाठी नौदलाचा पाणतीर बनवण्याचा कारखाना बांधायला घेतला होता. नंतर ती इमारत सरकारी कोठार झाली. 1969मध्ये नगरपालिकेने ती विकत घेतली आणि 1974मध्ये तिथे कलावंतांचे स्टुडिओ उघडले. इथे मालक शहरच असल्याने अट एकच: दारं लोकांसाठी उघडी ठेवायची. लोक येतात, काम चालू असताना पाहतात, विकतही घेतात. एकांत हवा असणाऱ्या कलावंताला हे मानवत नाही, पण नगरपालिका खर्च का करते हे करदात्याला दिसतं.

न्यूयॉर्कमध्ये बेल कंपनीच्या जुन्या प्रयोगशाळांची इमारत 1970मध्ये वेस्टबेथ या नावाने कलावंतांची घरं आणि स्टुडिओ झाली. वास्तुरचना रिचर्ड मायर यांची. भाडं इतकं सुरक्षित, की आत गेलेलं माणूस बाहेर निघेना. कलावंत तिथेच म्हातारे झाले आणि प्रतीक्षायादी नव्यांसाठी वर्षानुवर्षं बंद राहिली. सुरक्षितता द्यायचीच, पण काही खोल्या दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर तरुणांसाठी राखून ठेवायला हव्यात, हे वेस्टबेथवरून समजतं.

आणि सोहो? तिथे जॉर्ज माचूनास या कलावंताने 1967मध्ये वूस्टर स्ट्रीटवरची इमारत कलावंतांच्या सहकारी गटाला मिळवून दिली. ज्यांच्या नावावर मजला झाला ते राहिले. जे भाड्याने होते त्यांतले असंख्य गेले. कलावंतांनी गल्लीला नाव मिळवून दिलं आणि त्या नावाची किंमत जमिनीच्या मालकाच्या खिशात गेली. सुरुवातीचा दुसरा प्रश्न इथे सुटतो.

७. आपल्याकडे

मुंबईतल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप 18 जानेवारी 1982ला सुरू झाला आणि गिरण्यांचा अंत त्याने जवळ आणला. 1991च्या विकास नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळी जागा शहराला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. 2001मध्ये नियम बदलला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त मोकळ्या जमिनीची झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2006मध्ये तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या वाट्याला घरं आली तीही अपुरी, आणि हातांनी काम करणाऱ्यांसाठी, मग तो सुतार असो की शिल्पकार, कामाची जागा राखायचं तर कोणी बोललंच नाही. हे मला अजून सलतं. या शहराला सामाईक स्टुडिओची चव नव्हती असंही नाही. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार एका छपराखाली काम करत होते आणि शेजारी अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत होत्या. ती संस्था बंगल्यात होती, बंगला पडला.

आज मुंबई-ठाण्यात कलावंत इंडस्ट्रियल इस्टेटमधले गाळे घेतात, बहुधा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर. या कराराने जागेवर हक्क येत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. त्यावर कोणी तीस लाख घालू नयेत. वर्षाहून मोठ्या मुदतीचा, नोंदणी केलेला भाडेपट्टा ही वेगळी गोष्ट आहे.

मुंबईबाहेर मला जास्त आशा वाटते. खानदेश-विदर्भातले जिनिंग-प्रेसिंगचे बंद कारखाने, सोलापुरातल्या गिरण्यांची आवारं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906मध्ये सुरू केलेली मिल अशा जागांभोवती जमिनीचा भाव अजून परळसारखा झालेला नाही. नागपुरात 1877ची एम्प्रेस मिल जाऊन तिथे मॉल उभा राहिला. तिथली वेळ निघून गेली.

तुमच्या गावात अशी इमारत असेल आणि चार-पाच जण गोळा झाले असाल, तर आधी संस्था नोंदवा, मग नगरपालिकेकडे किंवा मालकाकडे पंधरा वर्षांचा भाडेपट्टा, भाडेवाढीची लेखी मर्यादा आणि वापरबदलाची परवानगी या तीन गोष्टी मागा. पाच वर्षांहून कमी मुदत मिळत असेल तर वायरिंग आणि दुसरा जिना यांपलीकडे त्या इमारतीवर खर्च करू नका.